आजोबांची ठासणीची बंदूक: क्युरिओ की गुन्हा?

मा. संपादक यांस, सप्रेम नमस्कार.

निवडणूक लागली की तुमच्या पेपरात ठरलेली बातमी येते, परवानाधारकांनी आपली शस्त्रं जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत. मग लायसन्सवाले जातात, बंदूक देतात, पावती घेतात आणि निकाल लागून आचारसंहिता उठली की परत आणतात. त्यांचं ठीक चाललंय, कटकट आहे पण रस्ता माहितीचा आहे. मला विचारायचंय ते दुसऱ्या लोकांबद्दल, म्हणजे ज्यांच्या घरात माळ्यावर नाहीतर देवघराच्या वरच्या फळीवर पणजोबांची ठासणीची बंदूक पडून आहे, तिचं लायसन्स कधी होतं की नव्हतंच ते कुणाला ठाऊक नाही, आणि तिचा बार उडालेला ज्यानं ऐकला असा माणूस आता घरात राहिलेला नाही. या लोकांनी काय करायचं? जमा करायला जावं तर पहिला प्रश्न येतो लायसन्स दाखवा, आणि नाही गेलं तर घरात बेकायदा हत्यार.

हे काय दोनचार घरांपुरतं नाही साहेब. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, नंदगड या पट्ट्यात, तिकडं हल्याळपर्यंत, जुन्या घरात विचारून बघा, सांगतील. लगेच नाही सांगणार, आधी तुम्ही कुठले, कुणाचे ते विचारतील, चहा होईल आणि मग सांगतील. जंगलाला लागून शेती, रानडुक्कर आणि गवे भात ऊस ठेवत नाहीत, त्यामुळं पूर्वी पाटलाकडं, देसायांकडं, इनामदाराकडं एखादी बंदूक असायचीच. शिवाय आपला हा भाग एका राजवटीखाली कधी नव्हताच. बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात आणि त्याला चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात, आज रिक्षानं पाच मिनिटं लागतात तेवढ्या अंतरात राज्य बदलायचं. रामदुर्ग, जमखंडी, मुधोळ ही संस्थानं वेगळी. म्हणजे कुणाच्या बंदुकीला इलाख्याचा कागद, कुणाच्या बंदुकीला संस्थानचा शिक्का, कुणाला नुसता तोंडी हुकूम. मग १९५६ ला आपण मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं. माणूस हलला नाही, बंदूक खुंटीवरनं हलली नाही, सरकारं तेवढी बदलत गेली आणि कागद कुठल्या ऑफिसच्या कुठल्या कपाटात राहिले देव जाणे. घरातला कागद वाळवीनं खाल्ला आणि वाटणीच्या कागदात भांडी, गुरं, नारळाची झाडं सगळं लिहिलं पण बंदूक कुणी लिहिली नाही, कारण लिहिलं की मालक ठरतो आणि मालक कुणालाच व्हायचं नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण आपल्याकडं चावडीवर या विषयात जो तो वकील असतो. एक म्हणतो शंभर वर्षं झाली की लायसन्स लागत नाही, दुसरा म्हणतो नुसती भिंतीवर लावली तर चालतंय, तिसरा म्हणतो पूजेची आहे असं सांगायचं. यातलं एकही कायद्यात जसंच्या तसं नाही.

देशभर चालतो तो शस्त्र कायदा १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याच्या कलम ३ प्रमाणं कुठलीही बंदूक बाळगायची तर लायसन्स पाहिजे. जुन्या हत्यारांची सवलत आहे कलम ४५ मध्ये, पोटकलम (क) म्हणा किंवा सी म्हणा. तिथं म्हटलंय की जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वाचताना पहिला अर्धा भाग वाचून आपण खूश होतो. खरी मेख पुढच्या अर्ध्यात आहे, "दुरुस्त करूनसुद्धा". म्हणजे कायदा बंदुकीचं वय विचारत नाही, ती कुणाच्या पणजोबांनी कुठल्या लढाईत धरली ते तर मुळीच विचारत नाही, तो एवढंच विचारतो की हिच्यातनं बार निघेल का.

आणि ठासणीच्या बंदुकीच्या बाबतीत याचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा "निघेल" असंच येतं. माझ्या चुलत्यांच्या घरची सांगतो. माणसाच्या खांद्यापर्यंत येईल एवढी उंच, दस्ता शिसवीचा असावा, हाताच्या घामानं काळा पडलेला, नळी आणि दस्ता धरून ठेवायला पितळेच्या तीन पट्ट्या, त्यातली एक कधीतरी पडली म्हणून तिच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. दारू ठासायचा गज नाही, तो म्हणे कुणीतरी चुलीत निखारे सारायला घेतला. घोडा गंजून बसलाय, बोटानं ओढला तर हलत नाही. ठिणगी पाडणारी टोपी जिच्यावर बसते ती छोटी नळी तुटून गेलीय, तिथं नुसतं भोक. आता ही मोडकी म्हणायची की नाही? घरच्यांच्या लेखी मोडकी. पण जाणत्या कारागिराच्या लेखी काय आहे, नळी सरळ आहे, आतनं फाटलेली नाही, घोडा तेलात बुडवून सोडवता येतो, टोपीची नळी नवीन करून बसवता येते, गज तर काय लोखंडी सळीचा पण होतो. म्हणजे "दुरुस्त करूनसुद्धा वापरता येत नाही" यात ती बसतच नाही. पुढच्या तोंडानं दारू आणि छर्रे ठासायचे आणि मागं ठिणगी पाडायची, एवढ्यावर चालणारं हत्यार पुरतं निकामी व्हायला नळीच फुटायला लागते.

शिवाय याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स द्यायची तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत ठासणीची बंदूक ही म्युझियममधली वस्तू नाहीच, ती शेतकऱ्याचं चालू हत्यार आहे. हे मला तरी अगदी चूक वाटत नाही, कारण आपल्याकडं ती खरंच काही वर्षांपूर्वीपर्यंत चालू हत्यार होती.

दुसऱ्या बाजूला १९७२ चा पुराणवस्तू कायदा घ्या. त्याच्यात शंभर वर्षं जुनी वस्तू म्हणजे पुराणवस्तू, ती देशाबाहेर नेऊन विकायची बंदी. तेव्हा एकच बंदूक, एका कायद्यानं राष्ट्राचा ठेवा आणि दुसऱ्या कायद्यानं विनापरवाना हत्यार, ज्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आहे. आधी एक ते तीन होती.

त्या २०१९ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट केली ती फार लोकांच्या लक्षात आली नाही. आधी एका लायसन्सदाराला तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दोन केल्या. मूळ विधेयकात तर एकच होती, खासदारांनी आरडाओरडा केला म्हणून दोन झाल्या. १४ डिसेंबर २०१९ पासून एक वर्षाची मुदत दिली, जास्तीची बंदूक पोलिसात नाहीतर डीलरकडं जमा करा. वारसाहक्कानं आलेली असली तरी आकडा दोनच. आता तुम्ही सांगा, ज्याच्याकडं एक बारा बोअर, एक रायफल आणि एक आजोबांची ठासणीची आहे तो कुठली सोडेल? चालणाऱ्या दोन ठेवल्या आणि आजोबांची पोलिसांच्या मालखान्यात गेली. म्हणजे बंदुका कमी करायच्या म्हणून जो कायदा केला त्यानं कामाच्या बंदुका घरात ठेवल्या आणि ज्यांचा काहीच धोका नव्हता त्या बाहेर काढल्या.

आणि गंमत म्हणजे ती मुदत चालू असतानाच, फेब्रुवारी २०२० मध्ये, केंद्रीय गृहखात्यानं २०१६ च्या शस्त्र नियमांमध्ये बदल करून सांगितलं की "क्युरिओ", म्हणजे जुनी, जपून ठेवायची वस्तू, या प्रकारातली छोटी शस्त्रं घ्यायला आणि जवळ ठेवायला भारतीय नागरिकाला लायसन्स लागणार नाही. वापरायची असेल, बरोबर घेऊन फिरायची किंवा एका जागेवरनं दुसऱ्या जागेला न्यायची असेल तर मात्र लायसन्स पाहिजे, आणि लायसन्सवर तिची नोंद असल्याशिवाय तिच्यासाठी दारूगोळा कुणी विकायचा नाही. मला विचाराल तर हा नियम शहाणपणाचा आहे. ठेवा, पूजा करा, पोराबाळांना दाखवा, पण उडवू नका आणि खांद्यावर टाकून फिरू नका. एवढंच तर आपलं म्हणणं होतं. पण त्याच्या आधीच जमा केलेल्या किंवा सहा महिन्यांनी जमा करणार असलेल्या माणसाला हे कुणी येऊन सांगितलं? माझ्या ओळखीत तरी एकालाही नाही.

बरं नियम आला, पण माझ्या घरातली वस्तू क्युरिओ आहे हे ठरवायचं कुणी? मी म्हणून चालत नाही. गावच्या स्टेशनचे पीएसआय म्हणाले तर बदली झाल्यावर दुसरे येणार. इथंच सगळं अडतंय. आमच्या एका पाहुण्यांनी सरळ मार्गानं जायचं ठरवलं, बंदुकीचे फोटो काढले, अर्ज लिहिला आणि एका सरकारी ऑफिसात गेले. तिथं म्हणाले स्टेशनला जा. स्टेशनला म्हणाले हे आमचं काम नाही, लायसन्सचा विषय वर. वर म्हणाले आधी लायसन्स नंबर टाका, नंबर नसेल तर कॉम्प्युटर अर्ज पुढं घेत नाही. ते म्हणाले अहो लायसन्स लागत नाही असा कागद पाहिजे म्हणून तर आलोय. त्यावर तिथला क्लार्क बिचारा खरंच हसला आणि म्हणाला काका, लागतं असा फॉर्म आहे, लागत नाही असा फॉर्म नाही. मला तर वाटतं या सगळ्या विषयावर त्याच्याइतकं खरं कुणी बोललेलं नाही. शेवटी एकानं कानात सांगितलं की फोटो घेऊन फिरू नका, उगाच पुरावा तयार करताय. पाहुण्यांनी फोटो डिलीट केले. बंदूक कुठं आहे ते मी विचारलं नाही.

आता पोलिसांची बाजू पण बघितली पाहिजे, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसतं रडगाणं होईल. ठासणीची बंदूक जुनीच असते असं नाही. लोहारकाम येणारा माणूस पाण्याच्या पाइपातनं आजही तशी करतो, धुरात धरली आणि शेणामातीत पुरून काढली की दोन पावसाळ्यात ती शंभर वर्षांची दिसायला लागते. आपल्या जंगलात शिकारीला जातात त्यांच्याकडं बऱ्याचदा असलीच हत्यारं असतात, आणि भीमगड अभयारण्य जवळ असल्यावर जंगलखात्याचा डोळा त्यावर असणार हे बरोबरच आहे. शिकार करणारा पकडला गेला की पहिलं वाक्य काय असणार, साहेब आजोबांची आहे. तेव्हा प्रत्येक आजोबांवर पोलिसांनी विश्वास ठेवावा अशी माझी मागणी नाही. पण खरं जुनं काय आणि बनावट जुनं काय हे ओळखता येतं, नळी कशी घडवलीय, आटे कसले आहेत, कारखान्याचे छाप आहेत का, दस्त्याची घडण कसली. त्यासाठी ते बघणारा माणूस नेमायला पाहिजे, एवढंच.

दुसऱ्या देशांनी हे कसं सोडवलंय ते बघितलं तर कळतं की प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानं सरळ वर्षच ठरवलं, १८९८ पर्यंत बनलेली बंदूक असेल तर केंद्राच्या कायद्यात ती अँटिक, बंदुकीच्या व्याख्येतच येत नाही, राज्यांचे नियम वेगळे ते वेगळे. सोपं आहे, पण त्याच्यात चालू स्थितीतली पण सुटते. ब्रिटनमध्ये १९६८ च्याच त्यांच्या कायद्यात होतं की शोभेची किंवा संग्रहाची वस्तू म्हणून ठेवलेल्या अँटिकला लायसन्स नको, पण अँटिक म्हणजे काय ते लिहिलंच नव्हतं, बरीच वर्षं सगळं कोर्टाच्या आणि सरकारी सूचनांच्या भरवशावर. मग असं झालं की गुन्हेगार जुनी रिव्हॉल्व्हरं अँटिक म्हणून बिनलायसन्सची विकत घ्यायला लागले आणि त्यांना बसतील अशी काडतुसं घरी बनवायला लागले. म्हणून मार्च २०२१ पासून त्यांनी नियमच केले, कुठल्या प्रकारची काडतुसं आणि बार पेटवायची कुठल्या प्रकारची रचना म्हणजे कालबाह्य त्याची यादी, १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेली पाहिजे ही अट, आणि गैरवापर होत होता ते काडतुसांचे सात प्रकार यादीतनं काढले. ज्यांच्याकडं ते होते त्यांना लायसन्स घ्या नाहीतर विका म्हणून सहा महिने दिले. शिवाय तिथं बंदूक कायमची निकामी करून घ्यायची सोय आहे, लंडन आणि बर्मिंगहॅमच्या तपासणी संस्था तिच्यावर शिक्का मारतात आणि सर्टिफिकेट देतात. म्हणजे एकदा कागद हातात आला की नातवापर्यंत चिंता नाही. आपल्याकडं नेमका हाच कागद मिळत नाही.

लांब कशाला जाता, आपल्याच राज्यात बघा. कोडगूमध्ये कोडव लोकांना आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेच्या, जमीनधारकांना बंदुकीच्या लायसन्समधनं सूट आहे. १९६३ च्या अधिसूचनेनं दिलेली, केंद्रानं २०१९ मध्ये ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि कुणीतरी कोर्टात गेलं तर कर्नाटक हायकोर्टानं २०२१ मध्ये ती कायम ठेवली. त्यांच्याकडं कैल पोळ्दु सणाला बंदुकांना फुलं वाहून पूजा होते, पेपरात फोटो येतात, टुरिस्ट बघायला जातात. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत नाही, उलट चांगलं आहे, आणि सूट आहे म्हणून तिथं रोज गोळीबार होतोय असंही नाही. पण त्या सुटीचं मूळ कुठं आहे ते बघा. १८६१ मध्ये इंग्रज कमिशनर मार्क कब्बननं दिलेली, त्या लोकांनी इंग्रजांशी इमान राखलं म्हणून निःशस्त्रीकरणातनं वगळलं.

आणि आपल्या बाजूला तेव्हा काय चाललं होतं? १८५७ मध्ये हत्यारं नोंदवा, सरकारजमा करा म्हणून हुकूम निघाला. मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला, इंग्रजांनी फौज पाठवली, गाव जाळलं, लोकांना फाशी दिली. त्यावर कानडी लावण्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना अजून येतात. नरगुंदच्या संस्थानिक बाबासाहेब भाव्यांनी दत्तकाचा प्रश्न आणि हत्यारं काढून घेणं या दोन्हीचा राग धरून १८५८ मध्ये बंड केलं, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, आणि बाबासाहेबांना इथं बेळगावातच फासावर दिलं. त्याच्या आधी कित्तूरची राणी चन्नम्मा, आणि संगोळ्ळी रायण्णाला तर आमच्या नंदगडला १८३१ मध्ये फाशी, तिथं आज समाधीला रोज माणसं येतात. या सगळ्यांचे पुतळे सरकार उभारतं, जयंत्या करतं, त्यांच्या हातात दगडाची नाहीतर पंचधातूची तलवार देतं. पुढं १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटननं देशभर शस्त्र कायदा आणला, गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला लायसन्स. तेव्हा जे इंग्रजांच्या बाजूला होते त्यांची सूट आजपर्यंत चालू आणि जे हत्यारासाठी मेले त्यांच्या मुलखात पणजोबांची गंजकी नळी लपवून ठेवायची पाळी, हा हिशोब मला तरी जमत नाही. जाणते लोक म्हणतील इतिहास असा सरळ नसतो, असेल बुवा.

यात काय जातंय ते सांगतो. घाबरून लोक बंदुकी विहिरीत टाकतात, पडक्या आडात टाकतात, नळी कापून गोबरगॅसच्या पाइपला जोडलेली मी स्वतः बघितलीय, दस्ता जळणात. भंगारवाला घेत नाही, तोही घाबरतो. पितळ तेवढं काढून घेतात. कोल्हापूरला न्यू पॅलेसमध्ये, पुण्याला केळकर संग्रहालयात लोक तिकीट काढून बंदुका बघतात, कित्तूरच्या संग्रहालयात पण जुनी हत्यारं आहेत. पण ती राजाची, सरदारांची. गावच्या पाटलाची, शिकाऱ्याची, रखवालदाराची साधी बंदूक, तांब्याच्या तारेनं बांधलेली, ती कुठंच नाही, आणि या सीमाभागाचा खरा इतिहास तिच्यात जास्त आहे असं माझं मत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी आजच करावी, कायदा राहू दे बाजूला. घरात ठासणीची बंदूक असेल तर ती रिकामी आहे असं धरून चालू नका. पूर्वी लोक बार भरून ठेवायचे, रात्री डुक्कर आलं तर हाताशी पाहिजे म्हणून, आणि तो माणूस गेला की बार तसाच आत राहतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनी पण पेटते. ओळखायची जुनी रीत अशी, लाकडी बारीक काठी तोंडातनं हळू आत सोडायची, जाईल तिथपर्यंत, तोंडाशी बोटानं खूण करायची, मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरनं लावून बघायची. मागच्या भोकापर्यंत पोचली तर रिकामी. चार बोटं अलीकडंच थांबली तर आत काहीतरी आहे, मग ते बार असेल, कुंभारमाशीचं घर असेल नाहीतर पोरांनी कोंबलेलं कापड, तुम्ही काढत बसू नका. बघताना नळीच्या तोंडासमोर माणूस नको, जवळ चूल, बिडी, उदबत्ती काही नको. खंडेनवमीला बंदुकीसमोर उदबत्ती लावतात आणि कापूर ओवाळतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. आणि वेल्डिंगवाल्याकडं तर मुळीच नेऊ नका, भोक बुजवून दे म्हणून. आत बार असला तर वेल्डिंगवाला जायचा. न्यायची म्हटली तरी ते "वाहतूक" होतं, त्यालाच तर लायसन्स पाहिजे, तेव्हा कारागीर कोल्हापूरचा असेल तर कोगनोळी नाक्यावर काय सांगणार? दुरुस्तीला नव्हे, निकामी करायला नेतोय, असं?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसनं, आणि शहरात लायसन्सचं काम पोलीस कमिशनर ऑफिस बघतं त्यांनी, क्युरिओ कशाला म्हणणार ते साध्या भाषेत लिहून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावावं, कानडीत आणि मराठीत दोन्हीत. मराठीत परिपत्रक मागणं हा आपला जुना विषय आहे, त्यात आता शिरत नाही, पण निदान ज्या कागदावर माणूस आत जातो की बाहेर राहतो ठरतं तो तरी त्याला वाचता यावा. खंडेनवमीच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस कॅम्प लावावा, पोलिसांचा बंदुका कळणारा माणूस, पुरातत्त्व खात्याचा एक माणूस आणि एक फोटोग्राफर. लोकांनी आधी नुसते फोटो आणि मापं घेऊन यावं, बंदूक आणायचीच नाही, ज्यांची खरी जुनी वाटते त्यांच्या घरी जाऊन बघावं. बार असेल तर काढावा, टोपीचं भोक कायमचं बुजवावं, नंबर पाडावा आणि मालकाला सहीशिक्क्याचा कागद द्यावा की ही क्युरिओ आहे. आपणहून आलेल्या माणसावर केस घालणार नाही हे आधी लेखी सांगावं, नाहीतर कॅम्पला मंडपवाला सोडून कुणी येणार नाही. ज्यांना घरात नकोच आहे त्यांची कित्तूरच्या किंवा दुसऱ्या संग्रहालयानं देणाऱ्याच्या गावाचं नाव लिहून घ्यावी. आणि २०२० मध्ये ज्या जुन्या बंदुका जमा झाल्या त्या मालखान्यात अजून असतील तर वितळवायच्या आधी एकदा जाणत्या माणसाला दाखवाव्यात.

ज्यांची कागदं नीट आहेत त्यांच्यासाठी पण एक सांगतो, कारण हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. लायसन्सदाराचं वय सत्तर झालं किंवा बंदूक त्याच्याकडं पंचवीस वर्षं असली तर तो जिवंत असतानाच वारसाच्या नावानं लायसन्स करता येतं, २०१६ च्या नियमात तशी सोय आहे. म्हातारा गेल्यावर भावाभावांत सह्या गोळा करत बसण्यापेक्षा त्याच्या देखत करून घ्या. वारसाला पण ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वगैरे लागतं, तेव्हा आधीपासून लागा.

संपादक साहेब, तुमचा वार्ताहर रोज डीसी ऑफिसला जातोच. त्यानं एवढा एकच प्रश्न विचारून यावा, लायसन्स लागत नाही असा कागद कुठल्या टेबलावर मिळतो, आणि जे उत्तर मिळेल ते अधिकाऱ्याच्या हुद्द्यासकट छापावं. नाव गाव छापू नये ही विनंती, कारण चुलत्यांना मी हे पत्र लिहितोय ते अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका